रस्त्यांचे स्थितिनिरीक्षण व परिरक्षण

वाहतुकीस खुला असलेला रस्ता आणि त्यावरील पूल, मोऱ्या, रपटे, गटारे, बाजूपट्ट्या इ. भागांची अवस्था ठराविक काळाने पाहून, मोजून व नोंदवून, त्या नोंदींवरून कोणती दुरुस्ती कोठे, केव्हा व कोणत्या क्रमाने करावयाची हे ठरविण्याच्या पद्धतीस रस्त्याचे स्थितिनिरीक्षण म्हणतात. अशा निर्णयानुसार रस्ता वापरण्याजोगा ठेवण्यासाठी जी कामे केली जातात, त्यांस परिरक्षण ही संज्ञा आहे. रस्त्याचा ऱ्हास प्रारंभी मंद असतो व तो डोळ्यांना सहसा जाणवत नाही. एका मर्यादेनंतर मात्र तो झपाट्याने होतो आणि पातळ थराच्या नूतनीकरणाने जे काम भागले असते, त्यासाठी संपूर्ण पाया उकरण्याची पाळी येते. ही मर्यादा ओलांडली जाण्यापूर्वी ओळखणे, हा निरीक्षणाचा मुख्य हेतू होय. विरळ वस्तीच्या व नदीनाल्यांनी छेदलेल्या प्रदेशात या हेतूला आणखी एका प्रश्नाची जोड द्यावी लागते. तो प्रश्न म्हणजे एखादा रस्ता बंद पडल्यास त्यावाचून कोणाचे काय अडते, हा होय. महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे या दृष्टीने अभ्यासनीय असून प्रस्तुत नोंदीतील विवेचन मुख्यतः त्यांच्या संदर्भात केले आहे.

ऐतिहासिक आढावा : रस्त्याचे बळ त्याच्या दगडात नसून त्याखालील कोरड्या मातीत असते, हे तत्त्व स्कॉटिश अभियंता जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) याने प्रतिपादिले. पृष्ठभागाने पाणी खाली उतरू दिले नाही, तर नैसर्गिक जमीन कितीही भार पेलू शकते, असे त्याचे मत होते. परिरक्षणशास्त्राचा पाया आजही याच तत्त्वावर आधारलेला आहे.

भारतात मोटारवाहतुकीच्या वाढीमुळे रस्त्यांची झालेली दुरवस्था लक्षात घेऊन १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी आणि १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस ही तांत्रिक संस्था अस्तित्वात आली. १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांचे वर्गीकरण निश्चित केले व वीस वर्षांची योजना आखली. दर १०० चौ. किमी. क्षेत्रास १६ किमी. रस्ता हे तिचे उद्दिष्ट होते. पुढील मुंबई योजनेत (१९६१–८१) हे उद्दिष्ट ३२ किमी. व लखनौ योजनेत (१९८१–२००१) ८२ किमी. असे वाढविण्यात आले. या तिन्ही योजनांचा भर लांबीवर होता. असलेला रस्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे अंकांत सांगण्याची पद्धत नंतर रूढ झाली.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात घेण्यात आलेल्या रस्ते चाचणीत आहे. या चाचणीत निरनिराळ्या जाडीच्या रस्त्यांवरून ठराविक भाराचे ट्रक सतत चालविण्यात आले. रस्त्याच्या उपयुक्ततेस शून्य ते पाच असे गुण देण्याची रीत तेथे ठरली. रस्त्याची हानी आसावरील भाराच्या सु. चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा महत्त्वाचा निष्कर्षही तेथेच निघाला. पुढे १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांतून आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक तयार करण्यात आला. भारतात नवी दिल्ली येथील केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने देशी उपकरणे व मानके यांच्या विकासात मोठा वाटा उचलला आहे.

प्रदेश व वाहतूक : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौ. किमी. व गडचिरोलीचे १४,४१२ चौ. किमी. आहे. गडचिरोलीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली असून चंद्रपूरमध्ये हे प्रमाण सु. एक-तृतीयांश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौ. किमी.स चंद्रपूरमध्ये १९३ व गडचिरोलीत अवघी ७४ होती. संपूर्ण राज्याची घनता त्यावेळी ३६५ होती. वैनगंगा ही दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. ती वर्धा नदीस मिळाल्यावर त्या प्रवाहास प्राणहिता म्हणतात व प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पूर्व सीमेवर इंद्रावती असून पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या तिला भामरागड येथे मिळतात. यांशिवाय कठाणी, खोब्रागडी, सती, दिना, बांडिया, इरई, उमा, अंधारी इ. नद्या आणि असंख्य नाले आहेत. परिणामी रस्त्याच्या लांबीच्या मानाने ओलांडण्यांची संख्या फार मोठी आहे.

गडचिरोली जिल्ह्यात लोहमार्ग देसाईगंज (वडसा) या उत्तरेकडील एकाच भागास स्पर्श करतो. सिरोंचा, अहेरी, एटापल्ली व भामरागड या दक्षिणेकडील तालुक्यांचे दळणवळण पूर्णतः रस्त्यांवर अवलंबून आहे. आलापल्लीहून सिरोंचा सु. १०० किमी. व भामरागड सु. ६५ किमी. अंतरावर असून हे मार्ग दाट अरण्यातून जातात. अनेक ठिकाणी त्यांना पर्यायी मार्ग नाही. चंद्रपूरच्या पश्चिम भागात याच्या उलट स्थिती आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा खाणी, चंद्रपूरचे औष्णिक विद्युत् केंद्र, राजुरा व कोरपना भागांतील सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरचा कागद कारखाना यांमुळे तेथे अवजड वाहनांची वर्दळ अखंड असते. एटापल्ली तालुक्यातील सूरजागड टेकड्यांवरील लोहखनिजाची वाहतूक २०२१ नंतर वाढल्याने, मुळात हलक्या रहदारीसाठी बांधलेल्या वनभागातील रस्त्यांवरही असाच भार येऊ लागला.

रहदारीला ऋतुमानही असते. हिवाळ्यात धान, उन्हाळ्यात लाकूड, बांबू व तेंदूपाने यांची वाहतूक चालते. पावसाळ्यापूर्वी संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी चार महिन्यांचे धान्य पोहोचविण्याची घाई असते. त्यामुळे कोणत्या महिन्यात मोजणी केली, यावर रहदारीचा आकडा बराच अवलंबून राहतो.

ऱ्हासाची कारणे : पाणी, उष्णता व भार ही रस्त्याच्या ऱ्हासाची तीन प्रमुख कारणे होत. या प्रदेशात ती तिन्ही तीव्र आहेत.

(१) पाणी : पावसाचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते. चंद्रपूरच्या पश्चिम भागातील काळी माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते. त्यामुळे तीवर बांधलेल्या रस्त्यांना लांबट भेगा पडतात आणि कडा खचतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्यात वेगळीच अडचण असते. तेथे कन्हार, मोरंड इ. स्थानिक नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जमिनींत बांध्या घालून पाणी साठवितात. रस्त्याचा भराव दोन्ही बाजूंनी आठवडेच्या आठवडे पाण्यात उभा राहतो. माजी मालगुजारी तलाव व बोड्या यांच्या पाळीलगतच्या रस्त्यांतही झिरपा होतो. भिजलेल्या मातीची धारणक्षमता कोरड्या मातीच्या मानाने फारच कमी असते. म्हणून रस्त्याच्या अभिकल्पासाठी मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावरच तिचे बळ मोजतात. पूर्वेकडील खडकाळ व मुरमाड जमीन तुलनेने भक्कम असते, पण तेथे उतारावरून वेगाने येणारे पाणी बाजूपट्ट्या व मोऱ्यांची तोंडे वाहून नेते.

(२) उष्णता : चंद्रपूर हे देशातील अत्यंत उष्ण स्थानांपैकी एक असून तेथील तापमान उन्हाळ्यात ४५° से. च्या पुढे जाते. काळा डांबरी पृष्ठभाग याहूनही पुष्कळ अधिक तापतो. मऊ झालेले डांबर चाकांखाली सरकून चाकोऱ्या पडतात, तर काही ठिकाणी ते वर येऊन पृष्ठभाग तुळतुळीत व निसरडा होतो. पुढे पावसाळ्यात याच चाकोऱ्यांत पाणी साचून ते खाली मुरते. डांबराची प्रत त्याच्या श्यानतेवरून ठरविण्याची रीत भारतीय मानकात २००६ सालापासून आली असून उष्ण प्रदेश व जड रहदारी यांसाठी अधिक श्यान प्रत निवडतात.

(३) भार : अभिकल्पात ८.१६ टनांचा एकेरी आस प्रमाण मानतात. चौथ्या घाताच्या नियमानुसार १०.२ टनांचा आस त्याच्या सु. २.४ पट आणि दुप्पट भाराचा आस १६ पट हानी करतो. चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. भारातील ही वाढ सु. १३ टक्के असली, तरी हानीतील वाढ सु. ६० टक्के होते. मोटारगाड्या व दुचाकी यांच्यामुळे होणारी झीज याच्या तुलनेत नगण्य असते. यामुळे केवळ वाहनांची संख्या मोजून रस्त्याच्या आयुष्याचा अंदाज करता येत नाही. आसांचे वजन करणेही आवश्यक ठरते.

निरीक्षणाच्या पद्धती : निरीक्षणाची साधने साध्या डोळ्यांपासून स्वयंचलित वाहनांपर्यंत विविध आहेत. त्यांपैकी पुढील प्रमुख होत.

दृश्य पाहणी ही सर्वांत जुनी पद्धत असून अद्यापही ती सर्वाधिक उपयोगी आहे. पूर्वी रस्त्याच्या ठराविक लांबीवर नेमलेला मैलकुली आपल्या टप्प्यातील खड्डे बुजवी, गटारे उपशी व मोऱ्यांची तोंडे मोकळी करी. पाणी कोठे तुंबते हे त्याला अनुभवाने ठाऊक असे. या पाहणीला शिस्त आणण्यासाठी रस्त्याचे किलोमीटरनिहाय तुकडे पाडून प्रत्येकातील भेगा, खड्डे, चाकोऱ्या, उखडलेली खडी, तुटलेल्या कडा आणि बुजलेली गटारे यांचे प्रमाण विहित नमुन्यात भरतात. भेगांचा आकार विशेष बोलका असतो. मगरीच्या पाठीसारखी जाळीदार भेग दिसल्यास बिघाड पायात आहे असे समजतात. अशा जागी वरून डांबराचा थर दिल्यास तो थोड्याच काळात पुन्हा फुटतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांसाठी एक सुटसुटीत स्थितिनिर्देशांक वापरतात. रस्त्यावरून गाडी सामान्यपणे ज्या वेगाने चालविता येते, त्यावरून एक ते पाच गुण दिले जातात. ताशी ४० किमी. पेक्षा अधिक वेग शक्य असल्यास पाच, ३० ते ४० असल्यास चार, २० ते ३० असल्यास तीन, १० ते २० असल्यास दोन व १० पेक्षा कमी असल्यास एक गुण मिळतो. या पद्धतीस उपकरण लागत नाही व एका दिवसात बरीच लांबी पाहून होते. तथापि तिच्यामुळे पृष्ठभागाचीच स्थिती कळते, खालच्या थरांची कळत नाही.

खडबडीतपणा मोजण्यासाठी उसळी-मापक हे उपकरण वापरतात. एका चाकाची ही गाडी ताशी ३२ किमी. वेगाने ओढली असता चाकाच्या वरखाली होणाऱ्या हालचालींची बेरीज मिलिमीटरांत मिळते. डांबरी काँक्रीटच्या पृष्ठभागावर दर किलोमीटरला २,००० मिमी. पर्यंतचे मूल्य चांगले व ३,००० मिमी. पेक्षा अधिक मूल्य वाईट समजतात. हे मूल्य वाढले की इंधन, टायर व सुटे भाग यांवरील खर्च वाढतो. म्हणजेच परिरक्षणावर न केलेला खर्च वाहनधारकांच्या खिशातून जातो.

रस्त्याच्या अंतर्गत बळाचा अंदाज बेंकेलमन तुळईने करतात. ३.६६ मी. लांबीची ही तुळई टोकापासून २.४४ मी. अंतरावर टेकलेली असते. भरलेल्या ट्रकच्या मागील जोडचाकांमध्ये तिचे टोक ठेवतात. ट्रक पुढे सरकला की दबलेला रस्ता किंचित वर येतो व दुसऱ्या टोकाजवळील तबकडीवर ही हालचाल नोंदली जाते. तुळईच्या दोन भुजांचे प्रमाण २ : १ असल्याने तबकडीवरील अंक दुप्पट करावा लागतो. उदा., तबकडीवर ०.४५ मिमी. फरक आल्यास रस्त्याचे विचलन ०.९० मिमी. धरतात. विचलन जितके अधिक तितका रस्ता दुबळा असतो. रस्त्याच्या तापमानानुसार हे मूल्य ३५° से. या प्रमाण तापमानास आणून घेतात. ही चाचणी पावसाळा संपताच, म्हणजे खालची माती सर्वांत दुबळी असताना करावी, असा संकेत आहे. मे महिन्यात भक्कम दिसलेला भराव ऑक्टोबरमध्ये तसा असेलच असे नाही. वजन टाकून विचलन मोजणारी अधिक शीघ्र यंत्रेही आता उपलब्ध आहेत.

रहदारीची गणना वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस अहोरात्र करतात. त्यांपैकी एक गणना शेतमालाच्या हंगामात व दुसरी मंदीच्या काळात घ्यावी, असे मानक आहे. वनभागात धानाच्या हंगामाबरोबर तेंदू व बांबू यांचे हंगामही विचारात घेणे इष्ट ठरते.

पूल, मोऱ्या व रपटे : वरील सर्व पद्धती रस्त्याच्या लांबीचे वर्णन करतात. वनभागात मात्र मार्ग चालू आहे की बंद, हे बहुधा लांबीवर नव्हे, तर त्यावरील सर्वांत दुबळ्या ओलांडणीवर ठरते. चाळीस किलोमीटर उत्तम डांबरी रस्ता असूनही मध्ये एक रपटा बुडाला तर पलीकडील गावांना त्या रस्त्याचा उपयोग उरत नाही. बारमाही व आठमाही हा जुना भेद याच अनुभवातून आला आहे. तांत्रिक परिभाषेत बारमाही रस्ताही पूर्णतः अखंड नसतो. विहित वारंवारतेचे व अल्प मुदतीचे खंड त्यात गृहीत धरलेले असतात. हे खंड मर्यादेत राहतात की नाही, हे फक्त नोंदींवरूनच कळू शकते.

भामरागड येथील पर्लकोटा नदीवरील जुना, कमी उंचीचा पूल हे याचे ठळक उदाहरण होय. इंद्रावतीला पूर आला म्हणजे फुगवट्यामुळे पर्लकोटेचे पाणी चढते व पूल पाण्याखाली जातो. तालुक्यातील शंभराहून अधिक गावांचा संपर्क यामुळे वारंवार तुटला आहे. या ठिकाणी उंच पुलाचे काम हाती घेण्यात आले. मोठ्या पुरांच्या वर्षी, उदा., वैनगंगेच्या २०२० मधील व गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातील २०२२ मधील पुरांत, प्रमुख मार्गही बंद पडले होते.

ओलांडणीच्या निरीक्षणात पुढील गोष्टी पाहतात : पुराची कमाल पातळी व पाणी वरून वाहण्याचा कालावधी; पायाजवळील गाळ खरवडून निघाल्याने झालेली खोली; नळांत किंवा गाळ्यांत अडकलेला पालापाचोळा व ओंडके; कठडे व पूरमापक खांब यांची अवस्था; पुलाच्या दोन्ही टोकांचे पोचमार्ग. पूल टिकून पोचमार्ग वाहून जाणे, हा प्रकार लहान नाल्यांवर नित्याचा आहे. पाहणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा करावयाची असते. पहिल्या पाहणीत तोंडे मोकळी करण्याची कामे ठरतात, तर दुसरीत झालेली हानी कळते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ मध्ये बांधलेला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या वाहून जाऊन मोठी प्राणहानी झाली. या दुर्घटनेनंतर राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीस गती मिळाली. वरून सुस्थितीत दिसणारा पूल पाण्याखालील पायात खिळखिळा झालेला असू शकतो, हे या घटनेने अधोरेखित केले [⟶ पूल].

अग्रक्रम ठरविणे : उपलब्ध निधी बहुधा गरजेपेक्षा अपुरा असतो. त्यामुळे कामांचा क्रम लावणे हा निरीक्षणाचा अंतिम टप्पा होय. कामांचे साधारणपणे चार वर्ग करतात : (१) खड्डे बुजविणे, गटारे उपसणे, बाजूपट्ट्या भरणे यांसारखे नित्य परिरक्षण, (२) काही वर्षांनी करावयाचे पृष्ठभागाचे नूतनीकरण, (३) खचलेल्या भागांची विशेष दुरुस्ती व मजबुतीकरण, (४) पूरहानीची दुरुस्ती. अगोदर सर्वांत वाईट रस्ता घ्यावा, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात पूर्णतः उखडलेल्या रस्त्याचे काम काही काळ पुढे ढकलले तरी त्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. उलट मध्यम अवस्थेतील रस्त्याकडे दुर्लक्ष केल्यास तो थोड्याच काळात खर्चिक दुरुस्तीच्या वर्गात जातो. म्हणून मर्यादेच्या अलीकडे असलेल्या रस्त्यांचे वेळीच नूतनीकरण करणे किफायतशीर असते.

रूढ गणितात रस्त्याची अवस्था व त्यावरील रहदारी यांचा गुणाकार प्रमुख असतो. समजा, एका औद्योगिक मार्गावर दिवसाला ३,००० वाहने असून त्याला दोन पर्याय उपलब्ध आहेत. दुसऱ्या एका वनमार्गावर ६० वाहने आहेत, पण पंधरा गावांना तो एकच रस्ता आहे. केवळ रहदारी पाहिल्यास वनमार्गाचा क्रमांक दरवर्षी शेवटी लागेल. शिवाय रस्ता वाईट असल्यामुळे वाहने कमी आणि वाहने कमी म्हणून दुरुस्ती नाही, असे चक्र निर्माण होते. अशा प्रदेशात म्हणून पर्यायी मार्गाचा अभाव, अवलंबून असलेली गावे, आरोग्य केंद्र व आश्रमशाळा यांचे अंतर, तसेच वर्षातील बंद दिवसांची संख्या यांना स्वतंत्र गुण देणे युक्त ठरते. रुग्णास खाटेवर घालून नाला ओलांडून नेण्याचे प्रसंग या भागात पावसाळ्यात येतात. प्रसूतीपूर्वी काही दिवस गरोदर स्त्रियांना आरोग्य केंद्राजवळ राहता यावे म्हणून चालविण्यात येणारी माहेरघर योजना ही एका अर्थाने रस्त्यांच्या उणिवेवरचाच उपाय होय. या उणिवेचे मोल वाहनांच्या गणनेत कोठेही येत नाही.

या दृष्टीने पाहिल्यास वनभागात प्रथम ओलांडण्या, नंतर गटारे व बाजूपट्ट्या आणि शेवटी पृष्ठभाग असा क्रम अनेकदा सयुक्तिक ठरतो. एका मोरीचे तोंड मोकळे करण्यास मजुरांचे काही दिवस लागतात. ते न केल्यास एका रात्रीच्या पावसात संपूर्ण भराव जाऊ शकतो.

यंत्रणा व योजना : महाराष्ट्रात रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग असे वर्ग आहेत. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. वनखात्याचे स्वतःचे रस्ते निराळे असतात. एकाच प्रवासात तीन यंत्रणांचे रस्ते लागत असल्याने त्यांच्या नोंदी एकत्र पाहणे आवश्यक असते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तीत सपाट प्रदेशातील ५०० व डोंगरी तसेच आदिवासी भागातील २५० लोकवस्तीची गावे जोडण्याचे उद्दिष्ट होते. नक्षलवादग्रस्त भागांसाठी ही अट पुढे १०० पर्यंत शिथिल करण्यात आली. या योजनेतील रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पाच वर्षांच्या परिरक्षणाची जबाबदारी असते आणि बांधकामाची तपासणी स्थानिक, राज्य व राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर होते. परिरक्षणाचे देयक रस्त्याच्या प्रत्यक्ष अवस्थेशी जोडण्याची संगणकीय पद्धतही तीत आणली गेली. नक्षलवादग्रस्त जिल्ह्यांसाठी २००९ मध्ये व २०१६ मध्ये केंद्र शासनाने खास रस्ते योजना मंजूर केल्या व त्यांत गडचिरोलीचा समावेश झाला. राज्यात २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. पाच वर्षांची मुदत संपल्यावर रस्ता पुन्हा सामान्य निधीवर अवलंबून राहतो. त्यामुळे त्यापुढील काळात नियमित निरीक्षणाची गरज अधिकच भासते.

विशेष अडचणी : वनजमिनीवर नवा रस्ता, रुंदीकरण किंवा नवे वळण यांसाठी १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानुसार केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते. वनहक्क कायद्यानुसार (२००६) ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासारख्या सुविधेसाठी प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. मात्र तोडावयाची झाडे हेक्टरी ७५ हून अधिक नसावीत, अशी अट आहे. ६ मी. रुंदीचा पट्टा धरल्यास एक हेक्टरात सु. १.७ किमी. लांबी बसते. वनात मुरूम व गिट्टी काढण्यावरही निर्बंध असल्याने हे साहित्य दुरून आणावे लागते. डांबरी कामे पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे कामास वर्षातील सु. आठ महिनेच मिळतात.

सुरक्षेच्या प्रश्नाचाही निरीक्षणावर प्रदीर्घ काळ परिणाम झाला आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने व यंत्रे जाळण्यात आली. त्याच दिवशी जांभुळखेडाजवळ झालेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व एक वाहनचालक मृत्युमुखी पडले. अशा परिस्थितीत अभियंत्यांना ठराविक मार्गावरून, बंदोबस्तात व घाईने पाहणी करावी लागते आणि आतील भागाच्या नोंदी त्रोटक राहतात.

आधुनिक साधने : लेसर किरण व छायाचित्रक बसविलेली वाहने रहदारीच्या वेगाने जाऊन भेगा, चाकोऱ्या व खडबडीतपणा यांची एकाच वेळी नोंद करतात. महामार्गांसाठी ती उपयुक्त आहेत. अरुंद ग्रामीण मार्गांवर मात्र भ्रमणध्वनीतील त्वरणमापकाच्या साहाय्याने हादरे मोजण्याची स्वस्त पद्धत किंवा मर्लिन नावाचे हाताने ढकलावयाचे साधे उपकरण पुरेसे ठरते. उपग्रहीय छायाचित्रे व भौगोलिक माहिती प्रणाली यांच्या आधारे रस्ते, गावे, आरोग्य केंद्रे व पूररेषा एकाच नकाशावर मांडता येतात. त्यावरून कोणता पूल बुडाल्यास किती गावे तुटतात, हे आगाऊ कळते. रस्त्यांविषयीच्या तक्रारी नागरिकांनी छायाचित्रासह पाठवाव्यात म्हणून केंद्र शासनाने २०१५ मध्ये ‘मेरी सडक’ ही सुविधा सुरू केली. तथापि भ्रमणध्वनीचे जाळे विरळ असलेल्या भागातून तक्रारी कमी येतात. तक्रार न येणे हे रस्ता चांगला असल्याचे लक्षण मानल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो.

या सर्व साधनांनी मिळणारी माहिती स्थानिक नोंदींनी पूर्ण करावी लागते. रपट्यावरून पाणी कोणत्या तारखेस किती तास वाहिले, बसगाडी कोठून परतली, रुग्णवाहिका कोठवर पोहोचू शकली, या गोष्टी ग्रामपंचायत, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र व राज्य परिवहनाचे आगार यांना ठाऊक असतात. पूरमापक खांबावरील पातळी व बंद राहिलेले तास यांची साधी वही प्रत्येक महत्त्वाच्या ओलांडणीवर काही वर्षे नेमाने ठेवली, तर कोणता रपटा उंच करावयाचा, कोठे नळ वाढवावयाचे आणि कोठे केवळ सफाई पुरेशी आहे, हे निश्चितपणे सांगता येते. अशा नोंदीस महागडे उपकरण लागत नाही. सातत्य तेवढे लागते [⟶ रस्ते].